पाचिरिसू : मार खाणारी खार

(मंडळाच्या पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



बाप्पासमोर उभं राहून व्हिडिओ गेमवर बोलायचं म्हणजे थोडं अवघड वाटतंय. समोर आजोबा-आजी मंडळी बसली आहेत, मागे मुलं बसली आहेत, आणि दोघांनाही वाटतंय की हा उपयंत्री माणूस आता मोबाईलच्या दुष्परिणामांवर भाषण देणार. ते देणार नाही. मी एका खारीबद्दल बोलणार आहे.

गेल्या वर्षी आमच्या चिरंजीवांची दहावी होती. छमाहीचे मार्क बघून मी त्याचं खेळायचं यंत्र कपाटात ठेवलं आणि किल्ली खिशात. त्यानं वाद घातला नाही. फक्त बोलणं बंद केलं. जेवताना ‘हो’ आणि ‘नाही’, बस्स. असे तीन आठवडे गेले. एक दिवस विजेचं बिल शोधताना त्याची एक जुनी वही हाती लागली. मागच्या पानांवर आकडेच आकडे. ६०, ४५, ७०, ४५, ९०, ९५. त्याखाली १३५ वरून बाण काढून १६७, ९० वरून बाण काढून १३४. खरं सांगतो, पोटात गोळा आला. मला वाटलं, पोरगा सट्टा लावतोय.

संध्याकाळी वही त्याच्यासमोर ठेवली. म्हटलं, हे काय आहे? तो म्हणाला, “पाचिरिसू.” तीन आठवड्यांत ‘हो’-‘नाही’ सोडून तोंडातून निघालेला हा पहिला शब्द.

तर पाचिरिसू ही पोकेमॉनमधली विजेची खार. जपानीत रिसू म्हणजे खारच. वजन चार किलोपेक्षाही कमी. मघाचे सहा आकडे तिच्या अंगच्या कुवतीचे : जीव ६०, हल्ला ४५, बचाव ७०, विशेष हल्ला ४५, विशेष बचाव ९०, वेग ९५. बेरीज ४०५. याच खेळात गारचॉम्प नावाचा एक ड्रॅगन आहे, त्याची बेरीज ६००. म्हणजे कागदावर ही खार कुणीही संघात घेणार नाही.

आणि तरीही ऑगस्ट २०१४ मध्ये वॉशिंग्टनला पोकेमॉनची जागतिक स्पर्धा झाली, त्यात मोठ्यांच्या गटाचं विजेतेपद दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्कनं मिळवलं, ते या खारीला संघात घेऊन. सोबत गारचॉम्प होता, गॅराडोस नावाचा प्रचंड जलसर्प होता, आणखी तीन होते. पण लोकांच्या लक्षात राहिली ती खार.

हे कसं झालं ते समजायला खेळाचा नियम सांगतो. प्रत्येकाकडे सहा प्राणी. सामन्याआधी दोघांनाही एकमेकांचे सहाही दिसतात. त्यातून चार निवडायचे आणि मैदानात एका वेळी दोन उतरवायचे. दोघांविरुद्ध दोघे. म्हणजे प्रत्येक फेरीला समोरचा ठरवतो, तुमच्या दोघांपैकी कुणाला मारायचं. पार्कच्या खारीकडे ‘फॉलो मी’ नावाची चाल होती. ती केली की त्या फेरीपुरता शत्रूचा वार शेजाऱ्यावर न जाता खारीवर येतो. आमच्या धंद्यात दरवाजावर लिंटल टाकतात ना, वरच्या भिंतीचा भार चौकटीवर न येऊ देता बाजूला वळवणारा, तसं.

आता गॅराडोस. पाणी आणि आकाश अशा दोन जातींचा असल्यामुळे विजेचा वार त्याला चौपट लागतो. कुणीही त्याच्यावर वीजच सोडणार. पण ती वीज खारीनं ओढून घेतली तर? तिच्या अंगी ‘व्होल्ट अॅब्सॉर्ब’ हा गुण आहे. विजेनं तिला इजा होत नाहीच, उलट एक चतुर्थांश जीव भरून येतो. शत्रूचं सगळ्यात मोठं हत्यार हिचं औषध झालं. मला हे कळलं तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो.

वहीतले ते बाणही मग कळले. या खेळात प्रत्येक प्राण्याला तालमीचे गुण वाटून देता येतात. एकूण ५१०, एका कुवतीला जास्तीत जास्त २५२. बहुतेक लोक ते हल्ल्यात आणि वेगात ओततात. पार्कनं जवळजवळ सगळे जीव आणि बचाव यांत ओतले आणि खारीचा स्वभावही बचाव वाढवणारा निवडला. स्पर्धेत सगळे ५० व्या पातळीवर खेळतात. तिथं तिचा जीव १३५ वरून १६७ झाला, बचाव ९० वरून १३४. वर एक फळ दिलं, निम्मा जीव संपला की पाव भाग भरून देणारं. चिरंजीवांनी ही सगळी गणितं हातानं केली होती. सूत्र मी तपासलं. बरोबर होतं.

पण मला सर्वांत आवडली ती वेगळीच गोष्ट. खार नुसती मार खात बसत नाही. तिची दुसरी चाल ‘सुपर फँग’. ती समोरच्याचा जेवढा जीव उरला असेल त्याच्या निम्मा उडवते. २०० असेल तर १००, १०० असेल तर ५०. यात तिचा स्वतःचा हल्ला ४५ आहे की १४५, काही फरक पडत नाही. तिसरी ‘नझल’. गाल घासते आणि समोरच्याला लकवा मारतो, त्याचा वेग जातो. इथंही स्वतःची ताकद लागत नाही. चौथी ‘प्रोटेक्ट’, त्या फेरीपुरतं स्वतःला वाचवणं. शेजारी गारचॉम्प भूकंप करणार असेल तेव्हा ही लागतेच, कारण भूकंप मित्र-शत्रू बघत नाही आणि खारीला तो दुप्पट लागतो. चारही चाली अशा निवडल्या की दुबळेपणाचा हिशोबच येऊ नये. हे मला निवडसमितीचं काम वाटतं, लाडाकोडाचं नाही. पुष्कळ लोक म्हणतात, गोंडस आहे म्हणून घेतली. गोंडस खूप आहेत हो.

क्रिकेटवाल्यांना एका वाक्यात सांगतो. २००१ ची कोलकाता कसोटी. लक्ष्मणचे २८१ सगळ्यांना पाठ आहेत. समोरच्या टोकाला आपल्या इंदुरात जन्मलेला द्रविड होता, त्याचे १८०. भागीदारी ३७६ ची. द्रविडला खार म्हटल्याबद्दल ज्येष्ठांनी माफ करावं.

परीक्षा संपल्यावर यंत्र कपाटातून बाहेर आलं. शनिवारी एक तास, असा करार झाला. चिरंजीवांनी थाटात खार आणि गॅराडोस उतरवले आणि लागोपाठ तीन सामने हरले. मी शेजारीच बसलो होतो. झालं असं की समोरचे एकाला नेम धरून मारतच नव्हते. दोघांवर एकदम दगड कोसळवायचे, नाहीतर भूकंप. ‘फॉलो मी’ फक्त एकावर रोखलेला वार ओढते. सगळ्यांवर पडणारी दरड ती कशी अडवणार? शिवाय जमिनीच्या जातीच्या प्राण्यांवर विजेची चाल चालतच नाही, म्हणून नझलही फुकट. तिसऱ्या सामन्यानंतर त्यानं यंत्र बाजूला ठेवलं आणि म्हणाला, “जगज्जेत्याचाच डाव होता, तरी हरलो.” ‘अभ्यास केला असता तर’ हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं. त्या आठवड्यात मी एवढंच एक काम बरं केलं असेल.

पुढच्या शनिवारी त्यानं वही काढली आणि समोर येणाऱ्या संघांचे दोन भाग पाडले. एकेकट्याला मारणारे आणि सगळ्यांना झोडपणारे. पहिल्यांविरुद्ध खार उतरवायची. दुसऱ्यांविरुद्ध ती सहांत दिसेल, चारांत नसेल. नुसती दिसली तरी समोरचा तिच्या हिशोबानं डाव मांडतो, हा वरचा फायदा. त्या दिवशी पाचांपैकी तीन सामने जिंकले. दोन हरले, त्यातला एक माझ्यामुळे, कारण मी मध्येच सल्ला दिला होता.

दहावीत गणिताला मार्क बरे पडले. त्याचं श्रेय खारीला देणार नाही, ट्यूशनची फी मी भरली आहे. आणि मागे बसलेल्या मुलांनो, रोज चार तास खेळून कुणी सेजुन पार्क होतं असंही मी म्हटलेलं नाही. घरी जाऊन माझं नाव सांगू नका.

परवा आरतीनंतर त्यानं यंत्र माझ्या हातात दिलं. म्हणाला, बाबा, आज तुम्ही खेळा. मी घाईघाईनं पहिलं बोट खारीवरच ठेवलं. त्यानं माझा हात धरला. म्हणाला, “थांबा, आधी समोरचे सहा तरी बघा.”