संगणक हसत नाही
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या आपल्या वसतिगृहात मी संध्याकाळी मुलांना संगणकावर इंग्रजी शिकवतो. “मुलांना संगणक आवडतो का?” असं आपण नेहमी विचारता. आवडतो. पण का, ते सांगतो.

आमचं मूल घरी कोरकू बोलतं, बाजारात हिंदी, शाळेत मराठी. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे या मुलाची ती चौथी भाषा. मराठीत ‘माझा वही’ म्हटलं की वर्ग हसतो. कोरकूत भेद आहे तो सजीव-निर्जीवाचा. वहीला बाई का समजायचं, हे त्याला कोणी सांगत नाही. इंग्रजीत वही, टेबल, खुर्ची सगळ्यांना एकच ‘माय’ चालतो म्हटल्यावर सातवीतला एकजण म्हणाला, “सर, ही तर मराठीपेक्षा सोपी!”

तरी हसण्याची धास्ती अंगात मुरलेली असते. हेडफोन लावून एकच शब्द वीस वेळा म्हणता येतो, चुकलं तर नुसती लाल फुली येते, याचंच त्यांना अप्रूप. वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुली जेवणाची घंटा झाली तरी उठत नाहीत. दहावीच्या पुढच्या मुलांचं वेगळं. “टायपिंग शिकवा, इंग्रजी राहू द्या,” म्हणतात. बाप मजुरीला बाहेरगावी असेल तर मूल असंच म्हणणार.

अडतं ते समोर माणूस आल्यावर. धड्यात सगळी उत्तरं बरोबर देणारी मुलगी पाहुण्यांनी इंग्रजीत नाव विचारताच जमिनीकडे बघत राहिली. धीर आला तो पडद्यापुरताच.

मध्यंतरी एका मुलीनं विचारलं, “‘आम्ही दोघी’ला इंग्रजीत काय?” कोरकूत दोघांसाठी निराळं रूप आहे, मराठीत नाही, इंग्रजीतही नाही. धड्यात उत्तर नव्हतं. संगणक बंद करून आम्ही अर्धा तास त्यावरच बोललो, चारही भाषांत. मुली मला कोरकू शिकवत होत्या, माझ्या उच्चाराला मनसोक्त हसत होत्या. त्या दिवशी लाजलं कोणीच नाही.

म्हणून विनंती अशी की, जुने संगणक पाठवू नका. आहेत ते चार पुरेत. शनिवारी येऊन तासभर मुलांशी बोलणारी माणसं हवीत. इंग्रजी साधी आली तरी चालेल. परतवाड्याहून एसटी आहे. घाटात गाडी लागते, लिंबू जवळ ठेवा.