जुना संगणक आणि आठ जीबीचा पेनड्राइव्ह

ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमची नियमित डागडुजी तिच्या निर्मात्यांनीं थांबविली. त्या दिवशीं कोणाचाहि संगणक बंद पडला नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो पूर्ववत् सुरू झाला, पत्रें लिहिलीं गेलीं, नातवंडांचीं छायाचित्रें पाहून झालीं. परंतु दाराचें कुलूप शाबूत असावें, आणि तें बिघडल्यास दुरुस्त करणारा गांवांत कोणी नसावा, अशी त्या यंत्राची अवस्था झाली. वैयक्तिक वापर करणारांस एक वर्षाची वाढीव मुदत देण्यांत आली खरी. पण मुदत ती मुदतच. विंडोज ११ हिला टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय आणि ठराविक पिढीपुढील प्रोसेसर लागतो, व २०१६ सालच्या सुमारास घेतलेल्या बहुतेक लॅपटॉपांना या अटी पुऱ्या करतां येत नाहींत. धडधाकट चालणारें यंत्र भंगारांत द्यावयाचें कीं काय, हा प्रश्न त्यामुळें अनेक घरांपुढें उभा आहे.

त्याचें एक उत्तर लिनक्स हें आहे. हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिहावयास घेतलेल्या गाभ्याभोंवतीं पुढें अनेकांनीं आपापल्या मांडण्या उभारल्या. डेबियन, उबुंटू, मिंट हीं त्यांपैकीं कांहीं नांवें. त्या विनामूल्य मिळतात. विंडोजची संवय झालेल्या माणसास मिंट फारशी परकी वाटत नाहीं आणि चार जीबी स्मृतीच्या जुन्या लॅपटॉपावरहि ती चालते.

ती यंत्रांत बसवावयाची कशी? १९९३ सालीं स्लॅकवेअर नांवाची लिनक्सची आवृत्ति निघाली, तेव्हां ती चोवीस फ्लॉप्यांवर होती. एका मागून एक तबकडी यंत्राला भरवीत बसावें लागे. २००० सालीं पेनड्राइव्ह बाजारांत आला, तेव्हां त्यांत अवघी आठ एमबी माहिती मावत असे. आज त्याच्या सहस्रपट, म्हणजे आठ जीबीचा, घरोघरीं खणांत पडलेला असतो, आणि या कामास तेवढा पुरतो. ज्या यूएसबी खांचेंत तो बसवितात, तिच्या जनकांत अजय भट्ट यांची गणना होते. त्यांचें शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत झालें, हें येथें सहज आठवतें.

आतां पुष्कळांची पहिली चूक येथेंच होते. मिंटच्या संकेतस्थळावरून एक मोठी आयएसओ फाइल उतरवून घ्यावी लागते. ती छायाचित्राप्रमाणें पेनड्राइव्हवर नुसती उतरवून ठेवली तर कांहींच घडत नाहीं. कारण साधें आहे. यंत्राला वीज मिळतांच त्यांतील मूळची अल्पशी आज्ञावली जागी होते. तिला फाइलींचें ज्ञान बेताचेंच. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत ती साठवणीचे पहिले ५१२ बाइट वाचते आणि त्यांच्या शेवटीं एक ठराविक खूण आहे कीं नाहीं, एवढेंच पाहते. नव्या यूईएफआय पद्धतीच्या यंत्रांत ती एका ठराविक नांवाच्या कप्प्यांत ठराविक नांवाची फाइल शोधते. आयएसओच्या पोटांत हें सर्व असतें. पण पेटारा न उघडतां ठेवला तर आंतील वस्तु दिसणार कशी? म्हणून रूफस किंवा एचर यांसारख्या साधनानें ती फाइल पेनड्राइव्हवर उलगडून लिहावी लागते. त्यावेळीं पेनड्राइव्हवरील पूर्वीचें सर्व कांहीं पुसलें जातें. शेजारीं दुसरी साठवणीची डिस्क जोडलेली असल्यास ती आधीं काढून ठेवावी. नांव वाचण्यांत झालेली एक गफलत वर्षांचा संग्रह धुऊन टाकते.

उतरविलेली फाइल अखंड आली कीं नाहीं, हेंहि पाहावें. संकेतस्थळावर तिची चौसष्ट अक्षरांची शाए-२५६ खूण दिलेली असते. विंडोजमधील सर्टयूटिल या आज्ञेनें आपल्या फाइलीची खूण काढून ती ताडून पाहतां येते. हें कंटाळवाणें काम बहुतेक जण टाळतात, आणि मग अर्ध्यावर अडलेल्या यंत्रापुढें रात्र काढतात.

पुढें विंडोज पूर्णपणें बंद करावें. त्यासाठीं शिफ्ट कळ दाबून धरून ‘शट डाऊन’ निवडावें, एरवीं ती अर्धवट झोंपलेलीच राहते. मग पेनड्राइव्ह खोंचून यंत्र सुरू करतांच निवडीची कळ दाबीत राहावें. डेल व लेनोव्हो यांच्या बहुतेक यंत्रांत ती एफ-१२ असते, एचपीमध्यें एस्केप व नंतर एफ-९. यादींतून पेनड्राइव्ह निवडला कीं थोड्या वेळांत मिंटचा पडदा दिसूं लागतो.

ही मांडणी अजून पेनड्राइव्हवरूनच चालत असते, आंतील डिस्कला तिनें हात लावलेला नसतो. येथें घाई करूं नये. वायफाय लागतें का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखला जातो का, हें सर्व निवांतपणें पाहावें. मन न मानल्यास पेनड्राइव्ह काढून यंत्र पुन्हा सुरू करावें, विंडोज जशीच्या तशी परत येते.

खरा कसोटीचा क्षण त्यानंतरचा. बसविण्यास आरंभ केल्यावर पडदा विचारतो: विंडोजच्या शेजारीं जागा करावी, कीं सर्व डिस्क पुसून टाकावी? मदतीस बोलाविलेला उत्साही पुतण्या एव्हांना ‘पुढें, पुढें’ असें बटण दाबीत आलेला असतो, आणि त्याच वेगांत हेंहि दाबतो. त्या डिस्कवर दिवंगत आईच्या आवाजाची एकुलती एक ध्वनिमुद्रिका असूं शकते, हें त्याच्या गांवींहि नसतें. यास्तव सर्व फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर आदल्या दिवशींच करावी, त्यांतील दोन-चार फाइली उघडून पाहाव्या, आणि ती डिस्क कपाटांत ठेवूनच यंत्राशीं बसावें. विंडोजची डिस्क बिटलॉकरनें बंद केलेली असल्यास तिची अट्ठेचाळीस अंकी किल्लीहि कागदावर उतरवून घ्यावी.

सर्वच घरांस हा मार्ग मानवेल असें म्हणणें मात्र अप्रामाणिकपणाचें होईल. हिशेबासाठीं टॅली वापरणारास विंडोज लागतेच. श्रीलिपीसारख्या जुन्या लिपिसंचांत टंकिलेला मजकूर मिंटमध्यें उघडल्यास निरर्थक चिन्हें दिसतात. तो आधींच युनिकोडमध्यें करून घेतलेला बरा. अशा घरांनीं दोन्ही शेजारीं शेजारीं ठेवाव्या आणि महाजालावरचें काम तेवढें मिंटमधून करावें.

बसविण्याचें काम पुष्कळदां अर्ध्या तासांत आटोपतें. शेवटीं पेनड्राइव्ह काढून घेण्याची सूचना येते, यंत्र पुन्हा सुरू होतें, आणि कीबोर्डाच्या यादींतून मराठी निवडली कीं इन्स्क्रिप्ट पद्धतीनें लिहावयास आरंभ करतां येतो. पेनड्राइव्ह मात्र कांहीं दिवस तसाच जपून ठेवावा. नवी मांडणी कधीं सुरूच झाली नाहीं तर डिस्कवरील फाइली बाहेर काढण्यास तोच उपयोगीं पडतो.