वेगदेवतेला अर्पण
(मंडळाच्या गणेशोत्सवात, जे. पी. नगर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



बुद्धीच्या देवतेसमोर मोटारसायकलच्या वेगाविषयी बोलायला उभा राहिलो, याचे काहींना नवल वाटेल. पण हा विषय धाडसापेक्षा बुद्धीचा आणि चिकाटीचा अधिक आहे.

बर्ट मन्रो हे न्यूझीलंडमधील इन्व्हरकार्गिलचे गृहस्थ. १९२० साली त्यांनी ‘इंडियन स्काउट’ ही मोटारसायकल घेतली. गाडी अमेरिकन, आपला संबंध नावापुरताच! तिचा कमाल वेग ताशी सुमारे ८८ किलोमीटर. त्यांनी घरच्या शेडमध्ये पिस्टन स्वतः ओतले, ट्रॅक्टरच्या जुन्या अ‍ॅक्सलमधून कनेक्टिंग रॉड घडवले, ६०० सीसीचे इंजिन ९५० सीसीपर्यंत नेले. मोडलेले भाग फळीवर मांडून वर ‘वेगदेवतेला अर्पण’ अशा अर्थाची पाटी लावली. आपण मोदक अर्पण करतो, त्यांनी फुटलेले पिस्टन केले.

खरा शत्रू हवा. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो आणि लागणारी शक्ती आठपट. म्हणून नुसते इंजिन वाढवून भागत नाही. मन्रोंनी गाडीला दोन्ही टोकांना निमुळते कवच चढवले. विक्रमाचा नियमही कडक. एकदा जायचे, तेवढेच अंतर उलट दिशेने यायचे आणि दोन्हींची सरासरी धरायची. पाठीशी असलेला वारा परतताना समोर येतो!

१९६७ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर त्यांनी हजार सीसीखालील गटात विक्रम केला. २०१४ मध्ये त्यांच्या मुलाला सरासरीच्या हिशोबात चूक आढळली आणि आकडा सुधारून ताशी सुमारे २९६ किलोमीटर झाला. मन्रो १९७८ मध्येच निवर्तले होते. त्यांच्यावर २००५ साली आलेला ‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’ हा चित्रपट काहींनी पाहिला असेल.

पुढे २०१० मध्ये बॉनव्हिललाच रॉकी रॉबिन्सन यांनी हायाबुसाची दोन इंजिने जोडलेल्या वाहनावर ताशी ६०५ किलोमीटर गाठले. आपल्या बंगळूरच्या अल्ट्राव्हायोलेट कंपनीच्या विजेवरच्या एफ-९९ ने पाव मैल ११ सेकंदांच्या आत कापला आहे. या शहरात मनुष्यबळ आहे, यंत्रशाळा आहेत. मन्रोंकडे होती एक शेड.

हे सांगण्याचे कारण, आपली मुले. रात्री रिंग रोडवर, बन्नेरघट्टा रोडवर जी पोरे गाड्या पिटाळतात, त्यांना वाटते की वेग म्हणजे मूठ पिळणे. मन्रोंनी मूठ पिळली ती काही मिनिटे, समोर चिटपाखरू नसलेल्या मैदानावर. त्यामागे सत्तेचाळीस वर्षांची हातोडी आणि कानस होती. रस्त्यावरची मुले अर्पण करतात तो सुटा भाग नसतो; तो कुणाचा तरी मुलगा असतो, कधी रस्ता ओलांडणारे आजोबा असतात.

घरात वेगाचे वेड असलेला मुलगा असेल, तर त्याला नुसते रागावू नका. त्याच्या हाती पाना द्या, इंजिन उघडू द्या. आणि हेल्मेटचा पट्टा मात्र रोज तपासा.

गणपती बाप्पा मोरया!