नोकरी संपली, सेवा नाही
(एका निवृत्त परिचारिकेच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



ज्यांच्या सत्कारासाठी आपण जमलो आहोत त्या सिस्टर वयाच्या ५८ व्या वर्षी सरकारी रुग्णालयातून निवृत्त झाल्या. घरी सासूबाई पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ कोरडी ठेवायची. सिस्टरांनी शेवटपर्यंत त्यांच्या पाठीला जखम होऊ दिली नाही. हे सांभाळून पल्स पोलिओच्या रविवारी त्या बूथवर हजर असत. १९९५ साली सुरू झालेल्या या मोहिमेमुळे २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यात अशा असंख्य हातांचा वाटा आहे.

माझ्या घरचीच गोष्ट सांगतो. धाकट्या मुलाला जुलाब लागले. पाण्याने ते वाढतील या समजुतीने आम्ही त्याचे पाणीच बंद केले. डोळे खोल गेले, लघवी थांबली. रात्री सिस्टर धावत आल्या. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून त्या चमच्याचमच्याने पाजत राहिल्या. दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांचा हात थांबला नाही. मूल वाचले. मी पदवीधर, पण एवढे साधे ज्ञान मला नव्हते, याची आजही लाज वाटते.

सत्काराचे विचारायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "शाली घरात पुष्कळ आहेत. हे सगळे शिकायला चार पोरंपोरी पाठवा."

त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत. ती चार नावे आजच, याच सभेत ठरवावीत, एवढी विनंती करून मी माझे दोन शब्द संपवतो.