वर्गातील ध्वनिक्षेपक : उपयोग आणि निगा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव झाल्यानंतर चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आमचे सारे आयुष्य खडू आणि फळा यांच्या सहवासात गेले. तेव्हा आम्ही शिक्षणाची थोरवी गावी, अशीच आपली अपेक्षा असणार. परंतु आपल्या शिक्षण-निधीतून काही शाळांना वर्गात वापरावयाचे ध्वनिक्षेपक संच देण्याचा विचार चालू आहे असे आम्हांस कळले, आणि आज या लहानशा यंत्राविषयीच बोलावे असे आम्ही ठरविले. या यंत्राने आम्हांस उतारवयात एक धडा शिकविला आहे. तो आपल्यापुढे ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आमच्यापूर्वी बोललेल्या एका वक्त्यांनी माईकवर टिचक्या मारल्या, तर दुसऱ्यांनी दोनदा फुंकर घातली. त्यांना नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. आम्हीही अनेक वर्षे हेच करीत आलो. पण माईकच्या जाळीमागे एक अतिशय पातळ पडदा असतो. आपल्या बोलण्याने हवा कंप पावते, तिच्याबरोबर तो पडदा हलतो, आणि त्या हालचालीची वीज होऊन ती ध्वनिवर्धकाकडे जाते. अशा नाजूक पडद्यावर टिचकी किंवा ओलसर फुंकर म्हणजे एखाद्याच्या कानात ओरडण्यासारखेच होय. माईक चालू आहे की नाही हे पाहावयाचे असेल, तर त्यात बोलावे, हाच सरळ मार्ग आहे.

आता कोणी विचारील, की आमच्या गुरुजींनी कोठे माईक वापरला होता? त्यांचा आवाज चावडीपर्यंत जाई! प्रश्न रास्त आहे. आम्हांसही आमच्या आवाजाचा असाच अभिमान होता. परंतु आवाज ऐकू जाणे आणि शब्द समजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबेलने उतरते. ५ फुटांवरच्या मुलास जो आवाज मिळतो, तो १० फुटांवर ६ आणि २० फुटांवर १२ डेसिबेलने कमी होतो. बंद खोलीत भिंतींवरून परतलेला ध्वनी ही उणीव थोडी भरून काढतो, पण तोच ध्वनी रेंगाळून पुढील अक्षरांवर पडतो आणि शब्द धूसर होतात. त्यात डोक्यावर पंखा, बाहेर रस्ता, आणि आषाढात पत्र्यावर कोसळणारा पाऊस! शिक्षकाचा आवाज सभोवतालच्या गलबल्याहून सुमारे १५ डेसिबेल वर असावा, असे जाणकार सांगतात. अमेरिकेत २००२ साली वर्गखोल्यांसाठी जे मानक ठरले, त्यात सर्वसाधारण आकाराच्या रिकाम्या वर्गातील गलबला ३५ डेसिबेलपेक्षा अधिक नसावा असे म्हटले आहे. आपल्याकडील किती वर्ग या कसोटीस उतरतील, हे आपणच ठरवावे.

शब्दांतील स्वर बळकट असतात, व्यंजने दुबळी. म्हणून शेवटच्या बाकावरील मुलास ‘काठ’, ‘ताठ’ आणि ‘पाठ’ हे तिन्ही शब्द सारखेच भासतात. गणित सांगताना आपण ‘सात’ म्हणतो, तो ‘साठ’ लिहितो, आणि आपण त्यास बेपर्वा ठरवून मोकळे होतो.

दुसरी बाजू शिक्षकाची. गलबल्यात माणूस नकळत आवाज चढवितो, हे एतिएन लोंबार या फ्रेंच वैद्याने १९११ मध्ये दाखवून दिले. शिक्षक आवाज चढवितो, मुले त्याहून चढवितात, आणि ही चढाओढ दिवसाचे पाच-सहा तास चालते. गळ्याच्या विकारांनी पीडित असणाऱ्यांत शिक्षकांचे प्रमाण मोठे असते, यात नवल ते काय? आमच्याही स्वररज्जूंवर निवृत्तीस दोन वर्षे उरली असता गाठी आल्या. डॉक्टरांनी मोठ्याने बोलणे वर्ज्य केले. तेव्हा शाळेने आम्हांस गळ्याशी लावावयाचा छोटा बिनतारी माईक आणि वर्गात ठेवावयाचा एक ध्वनिवर्धक संच आणून दिला.

बंधुभगिनींनो, त्या संचाच्या पहिल्याच दिवशी जे घडले ते सांगताना आजही आमची मान खाली जाते. गणिताचा तास चालू होता. मध्येच हजेरीपुस्तक आणण्यासाठी आम्ही शेजारच्या शिक्षक-कक्षात गेलो. तेथे एका सहकाऱ्याशी बोलता बोलता आम्ही म्हणालो, “त्या शेवटच्या बाकावरच्या पोराच्या डोक्यात काही शिरायचं नाही. सातला साठ लिहितो. त्याच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.” माईकची कळ बंद करण्याचे भान आम्हांस राहिले नव्हते. आमचे प्रत्येक अक्षर भिंतीपलीकडच्या साठ मुलांनी ऐकले. आम्ही परतलो तेव्हा वर्ग चिडीचूप होता आणि तो मुलगा दप्तर आवरीत होता.

चार दिवस तो शाळेत आला नाही. पाचव्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने पाट मांडला, पाणी दिले, आणि ती म्हणाली, “सर, लहानपणापासून त्याचा एक कान वाहतो. त्या कानानं ऐकूच येत नाही म्हणतो. शाळेत सांगू नको म्हणाला, पोरं चिडवतील.” थोडे थांबून ती पुढे म्हणाली, “त्या दिवशी घरी आला तो रडत होता. पण एक बोलला, की आज सरांचं सगळं ऐकू आलं.”

आम्ही त्या मुलाची क्षमा मागितली. तीही त्याच्या घरी नव्हे, तर दुसऱ्या दिवशी साऱ्या वर्गासमोर, कारण अपमान साऱ्या वर्गासमोर झाला होता. त्यास पहिल्या बाकावर, चांगला कान आमच्याकडे येईल असा बसविला. कानाची तपासणी व उपचार झाले. त्यानंतर त्याचे सात सातच राहिले. पुढे तो दहावी उत्तीर्ण झाला आणि आज मोटारींच्या विजेच्या कामाचा स्वतःचा व्यवसाय करतो.

म्हणून आमचे पहिले सांगणे हे, की माईक शिक्षकाच्या मोठेपणासाठी नसून शेवटच्या बाकावरील मुलासाठी आहे. १९७७ मध्ये अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात सौम्य श्रवणदोष असलेल्या मुलांसाठी सामान्य वर्गांतच ध्वनिवर्धन करण्याचा प्रयोग सुरू झाला, आणि त्या मुलांची अभ्यासात प्रगती झाल्याचे दिसून आले. कान फुटणे, सर्दीने कान दडपणे या गोष्टी आपल्या घरोघरी आहेत. तेव्हा मुलास ‘मठ्ठ’ म्हणण्यापूर्वी त्याचा कान तपासून घ्यावा. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था याच कार्यासाठी आहे. माईक हा काही कानाच्या उपचाराचा पर्याय नव्हे.

आता उपयोगाविषयी. हातातील माईक तोंडापासून चार बोटे ते वीतभर अंतरावर धरावा आणि मान वळली की तोही वळवावा. त्याची जाळी मुठीत दाबून धरू नये. त्यामुळे समोरचाच आवाज टिपण्याची त्याची शक्ती नष्ट होते आणि संच किंचाळू लागतो. गळ्याशी लावण्याचा माईक हनुवटीखाली वीतभर अंतरावर मध्यभागी लावावा. पदर, मंगळसूत्र अथवा ओळखपत्राची दोरी त्यास घासू देऊ नये. संच किंचाळतो तो कर्ण्यातून निघालेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरून फिरत राहिल्यामुळे. अशा वेळी आवाज कमी करावा आणि कर्ण्याचे तोंड मुलांकडे ठेवून आपण त्याच्या मागील बाजूस राहावे. आवाज इतकाच ठेवावा, की शिक्षक जणू प्रत्येक बाकाजवळ उभा राहून साधेपणाने बोलत आहे असे वाटावे. उघड्याबोडक्या, घुमणाऱ्या खोलीत आवाज वाढविला तर घुमणेही वाढते. तेथे पडदे लावावे, दार लोटावे आणि सावकाश बोलावे. मुलाने प्रश्न विचारला तर माईक त्याच्या हाती द्यावा, अथवा तो प्रश्न आपण माईकमधून पुन्हा सांगावा. नाहीतर मागच्या बाकांस केवळ उत्तरच ऐकू येते. शेजारशेजारच्या वर्गांत बिनतारी संच असतील, तर त्यांच्या रेडिओलहरींच्या वाहिन्या वेगळ्या ठेवाव्या; अन्यथा इतिहासाच्या तासाला भूगोल ऐकू येईल. आणि वर्गाबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी कळ बंद करावी. ही केवळ विजेची काटकसर नव्हे, हे आम्ही आता सांगावयास नको.

निगेविषयी सांगावयाचे ते थोडके आहे, परंतु बहुतेक संच या थोडक्याच्याच अभावी मरतात. आपणांपैकी एका उदार कुटुंबाने एका शाळेस दिलेला संच आम्ही पाहिला. शाळेचे नाव घेण्याचे कारण नाही. दात्याचे नाव कोरलेली पितळी पट्टी चकचकीत होती, आणि आतील सेल मे महिन्याच्या सुट्टीत पाझरून साऱ्या पट्ट्या गंजल्या होत्या. सुट्टी लागण्यापूर्वी सेल काढून ठेवणे, एवढेच काम होते. पुन्हा भारित होणारी लिथियमची बॅटरी असेल, तर ती पूर्ण रिकामी करून ठेवू नये. निम्मी भरलेली ठेवावी. कोकणासारख्या दमट भागात संच झाकणाच्या डब्यात ठेवावा, आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्या आणि त्या दर पावसाळ्यात बदलाव्या. हातातील माईकमध्ये बहुधा लोहचुंबक असते. तो जमिनीवर ठेवल्यास लोखंडाचा कीस ओढून घेतो. खडूची धूळही त्याची वैरीण आहे. तार कोपरावर आवळून गुंडाळू नये, सैल वेटोळे करावे. पिन काढताना तारेस हिसका देऊ नये. पिनच धरून काढावी. माईक अनेकांच्या तोंडाशी जातो. २०२० च्या महामारीने याचे महत्त्व आपणांस शिकविलेच आहे. म्हणून बाहेरील भाग स्पिरिटच्या किंचित ओल्या फडक्याने पुसावा. सुटी होणारी जाळी साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळल्यावरच बसवावी. आतील पडद्यावर मात्र कोणताही द्रव उडवू नये.

या यंत्राचा इतिहासही माणसाच्या चिकाटीची साक्ष देतो. डेव्हिड ह्यूज यांनी १८७८ मध्ये आपला कार्बनचा मायक्रोफोन जगापुढे मांडला. आज गळ्याशी लावतो तो चिमुकला माईक शक्य झाला तो गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी १९६२ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केलेल्या शोधामुळे. एवढ्या परिश्रमांचे फळ आपल्या हाती आयते आले आहे. ते कपाटात गंजत ठेवणे हा कृतघ्नपणा होय.

शेवटी कार्यकारी मंडळास आमची नम्र सूचना आहे. पाच शाळांना संच देण्याइतका निधी असेल, तर चारच शाळांना द्यावे, आणि उरलेल्या रकमेतून सेल, तारा व दुरुस्ती यांची तरतूद करावी. प्रत्येक शाळेत एका शिक्षकावर आणि दोन मुलांवर संचाची जबाबदारी सोपवावी. मुले ती आपल्यापेक्षा अधिक कसोशीने पाळतात, असा आमचा अनुभव आहे. मंडळाने वर्षातून एकदा जाऊन संच पाहावा. त्या वेळी दात्याच्या नावाची पट्टी पाहू नये. शेवटच्या बाकावर जाऊन बसावे आणि सात हा सातच ऐकू येतो की नाही, हे पाहावे.

या माईकची कळ आपल्या हाताने बंद करून आम्ही आपली रजा घेतो.