तिची शेतं कोण खणणार?

आज जरा लांब जाऊ या. आफ्रिकेच्या पश्चिम भागात नायजेरिया नावाचा मोठा देश आहे. त्याच्या मध्यातून बेन्यू नदी वाहते आणि तिच्या खोऱ्यात तिव लोक राहतात. लाखोंनी आहेत, आणि मूळचे सगळे शेतकरी. तिव नावाचा एक पूर्वज होता, त्याला इचोंगो आणि इपुसू असे दोन मुलगे होते आणि आपण सगळे त्यांचीच लेकरं, असं ते मानतात.

या लोकांची ओळख मला एका गोष्टीतून झाली, तीच आधी सांगते. लॉरा बोहॅनन नावाच्या एक अमेरिकन अभ्यासक बाई १९५०च्या सुमारास तिवांच्या वाडीत राहिल्या होत्या. पावसाळ्यात नदीनाल्यांना पाणी चढलं की तिथली शेतीची कामं थांबतात. मग म्हातारी माणसं जमून गोष्टी सांगतात. एकदा या बाईंनाही आग्रह झाला. त्यांनी शेक्सपिअरच्या हॅम्लेटची गोष्ट सांगायला घेतली. राजा मरतो, राणी महिन्याभरात दिराशी लग्न लावते, मुलाला ते खुपतं. ऐकणारे म्हणाले, त्यात खुपण्यासारखं काय? बरंच झालं की! बाई म्हणाल्या, आमच्यात विधवेने दोन वर्षं तरी थांबावं अशी रीत आहे. तेवढ्यात तिथल्या एका म्हाताऱ्याची बायको काही द्यायला आली होती, ती मध्येच बोलली. दोन वर्षं फार झाली. तोवर तिची शेतं कोण खणून देणार?

बोहॅनन बाईंनी ही हकिगत १९६६ साली छापली. जगभरचे विद्यार्थी ती वाचतात. पण मला त्यातली ही बाईच लक्षात राहिली. तिचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही.

तिच्या प्रश्नामागचं शेत कसं असतं ते ऐका. तिवांचं मुख्य पीक म्हणजे याम, एक मोठा कंद. आपल्या कोकणातले करांदे आणि कोनफळ त्याच कुळातले, पण हा आकाराने कितीतरी मोठा. पुरुष कुदळीने मातीचे गुडघाभर उंच ढीग करतात आणि प्रत्येक ढिगात एक बेणं लावतात. लावणी आणि निंदणी बहुतेक बायकांच्या हातची. जगातला निम्म्याहून जास्त याम एकट्या नायजेरियात पिकतो आणि त्यात बेन्यू राज्याचा वाटा मोठा. या राज्याला देशाची अन्नाची टोपली म्हणतात.

कंद उकडायचा, लाकडी उखळात घालायचा आणि दोघीतिघींनी आळीपाळीने मुसळ घालत कांडायचा. ताल चुकला तर हाताला लागणार! कांडून तो कणकेच्या गोळ्यासारखा चिकट होतो. त्याला म्हणतात रुआम. उजव्या हाताने तुकडा तोडायचा, कालवणात बुडवायचा आणि न चावता गिळायचा. कालवण भेंडीचं असतं, पालेभाजीचं असतं, तिळाचंही असतं. तीळ तिथे भरपूर पिकतात.

आता सणाचा पोशाख. काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांच्या कापडाला अंगेर म्हणतात. हातमागावर अरुंद पट्ट्या विणायच्या आणि त्या शिवून जोडायच्या, ही जुनी पद्धत. लग्न असो, मयत असो, मेळावा असो, हे कापड अंगावर हवंच. नायजेरियात कुठल्याही शहरात कुणी अंगेर पांघरून निघालं, की हा माणूस तिव आहे हे लांबूनच कळतं.

पण मला सगळ्यात मोह पडला तो त्यांच्या रात्रीच्या खेळाचा. दिवसभराचं शेत आटपलं की चांदण्यात घरची मंडळी गोष्टींना बसत. त्या गोष्टींना क्वाघ-आलोम म्हणतात, म्हणजे सशाच्या गोष्टी. ससा लबाड, कायम कुणाला तरी फसवणारा. त्याच गोष्टींना पुढे सोंगं, बाहुल्या, ढोल आणि नाच जोडले गेले आणि क्वाघ-हीर उभा राहिला. लाकडी मंचावर बाहुल्या असतात आणि खाली लपलेली माणसं त्या दोऱ्या-काठ्यांनी हलवतात. बाहुल्या देवादिकांच्याच असतील असं वाटेल, पण तसं नाही. मुसळ घालणारी बाई असते, शिलाई मशीनवरचा शिंपी असतो, मोटारसायकलवाला असतो. लाचखाऊ माणसाची टरसुद्धा उडवतात. गावागावांच्या मंडळ्यांत चुरस लागते. २०१९ साली युनेस्कोने क्वाघ-हीरला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं.

सगळंच मिरवण्यासारखं होतं असं मी म्हणणार नाही. पूर्वी तिवांत साट्यालोट्याची लग्नं होत. भावाने आपली बहीण द्यायची आणि बदल्यात बायको आणायची. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात आपल्याकडेही हे होतं, कुठे कुठे अजून आहे. बहिणीला विचारतो कोण? इंग्रज सरकारने १९२७ साली ती रीत बंद केली आणि तिच्या जागी मुलीसाठी पैसे मोजणं आलं. म्हाताऱ्यांना हा बदल फार लागला होता, असं अभ्यासक लिहितात. मला मात्र त्या रीतीबद्दल हळहळ वाटत नाही.

चांगली रीत सांगायची तर त्यांच्या बाजाराची सांगेन. तिवांचा बाजार पूर्वीपासून दर पाच दिवसांनी भरतो. आणि त्यांच्यात आपल्या बचत गटासारखे गट असतात. त्यांना बाम म्हणतात, बँक या शब्दावरून. ठरल्या दिवशी प्रत्येकाने पैसे भरायचे, गरजवंताला व्याजाने द्यायचे आणि मुदत संपली की मुद्दल आणि व्याज वाटून घ्यायचं. वही, सह्या, उशिरा आलेलीला दंड, हे काही आपण शोधून काढलेलं नाही बरं!

आता जड मनाने पुढचं सांगते. गेली काही वर्षं बेन्यूमध्ये चराई आणि जमिनीवरून हत्याकांडं होत आहेत. हत्यारबंद टोळ्या रात्री गावांवर येतात. ११ जानेवारी २०१८ रोजी मकुर्डी या राजधानीच्या शहरात ७३ जणांना एकत्र पुरलं. २०२५च्या जूनमध्ये येलवाटा गावावर हल्ला झाला. तिथे इतर गावांतून पळून आलेली माणसं आसऱ्याला होती, तीही त्यात मारली गेली. सगळेच गुराखी मारेकरी नाहीत, आणि गुराख्यांचीही माणसं मेली आहेत. पण लाखो शेतकऱ्यांना गावं सोडावी लागली, आणि त्यांत बायका-मुलं फार. शाळांच्या आवारात, तंबूंत राहायचं आणि मिळेल ते धान्य रांगेत उभं राहून घ्यायचं. ज्या मुलखाला अन्नाची टोपली म्हणतात, तिथल्या या बायका! स्वतःचं शेत काही कोसांवर आहे, पण तिथे जायची भीती. बेणं लावायचे दिवस येतात आणि निघून जातात.

त्या म्हातारीने विचारलं होतं, शेतं कोण खणणार. तिच्या नातींना खणायला हात आहेत, कुदळही मिळेल. त्यांचा प्रश्न आता वेगळा आहे, आम्हाला शेतावर सुखरूप कोण जाऊ देणार?

तिव भाषेत नमस्कारालाही आणि आभारालाही एकच शब्द चालतो. तोच म्हणून आज थांबते. म्सुघ, मैत्रिणींनो.