वेळ मोडू नका, रीत बदला



दिवसभर राबून तुम्ही रात्री वाचायला बसता, याचे आम्हाला फार कौतुक वाटते. आज शरीर धडधाकट कसे राखावे, यावर चार शब्द बोलायचे आहेत. व्यायाम चांगला, हे सांगायला आम्ही आलेलो नाही. ते लहान पोरालाही ठाऊक असते. ठाऊक असूनही व्यायाम चार दिवसांत का सुटतो, आणि तो सुटू नये म्हणून काय करावे, एवढेच सांगायचे आहे.

आधी आमची लाज सांगतो. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पुढे मास्तर झालो आणि मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालो. इतकी वर्षे रोज सकाळी मुलांकडून कवायत करून घेतली. शिट्टी आमच्या तोंडात, आणि घाम मुलांच्या अंगाला! आमच्या सातारा जिल्ह्यात सूर्यनमस्काराची मोठी परंपरा आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) स्वतः नमस्कार घालीत, आणि आपल्या संस्थानातल्या शाळांतूनही त्यांनी ते चालू केले. ही गोष्ट आम्ही मुलांना दरवर्षी सांगितली. स्वतः मात्र खुर्ची सोडली नाही.

आमचे थोरले बंधू, दादा, शेतकरी माणूस. तरुणपणी धान्याचे पोते सहज पाठीवर घेत. साठीनंतर शेत मुलांनी सांभाळले. दारात ट्रॅक्टर आला, फटफटी आली, घरात टीव्ही आला. दादा खाटेवर बसून राहू लागले. एका लग्नात पंगतीला बसले, जेवले, आणि उठायला गेले तर उठताच येईना. दोघांनी काखेत हात घालून त्यांना उभे केले. कोणी हसले नाही. पण दादांनी त्या दिवसापासून पंगत सोडली. मग लग्नाकार्याला जाणे सोडले. मग देवळात जाणे सोडले. शेवटी अंथरूण धरले. दादा गेले त्याला आता चार वर्षे झाली. औषधपाण्यात कमी पडले नव्हते. माणूस हळूहळू बसत गेला, तो बसतच गेला.

दादांच्या तेराव्याला आम्ही पाटावर जेवायला बसलो. उठताना नकळत भिंतीला हात लावला. तेव्हा छातीत धस्स झाले. उद्या आपलीही तीच गत होणार, हे कळून चुकले.

मग काय! दुसऱ्या आठवड्यात नवे बूट आणले. पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर चाललो. गावभर सांगितले. दहाव्या दिवशी गुडघा सुजला आणि बूट माळ्यावर गेले. दोन महिन्यांनी सूर्यनमस्कार धरले. बारावरून एकदम पंचवीसवर उडी मारली. कंबर धरली. तेही सुटले.

तिसऱ्या वेळी मुलाने मोबाईलमध्ये पावले मोजायची सोय करून दिली. रोज दहा हजार पावले व्हायलाच हवीत, असे कुणीसे सांगितले होते. रात्री हिशेब कमी भरला की आम्ही अंगणात गोल गोल फिरत असू. सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘अहो, घाण्याचा बैल तरी बरा, तो तेल तरी काढतो!’’ एके दिवशी पाहुणे आले, पावले भरली नाहीत. दुसऱ्या दिवशी मन खट्टू झाले आणि तेही बंद पडले. पुढे वाचनात आले की हा दहा हजारांचा आकडा मुळात संशोधनातून ठरलेलाच नव्हता. १९६५ साली जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीला आले. त्याच्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा होता. तिथून तो आकडा जगभर पसरला. आणि त्या आकड्यापायी आम्ही होते तेही चालणे सोडून बसलो होतो!

आपल्या भाषेत अशा माणसाला एक शब्द आहे, आरंभशूर. आम्ही तीनदा आरंभशूर ठरलो. मग शांतपणे विचार केला. चुकले कुठे? उत्साह कमी पडला काय? नाही. उलट उत्साहच जास्त झाला. उत्साह म्हणजे गवताची आग. भडकते लवकर आणि विझतेही लवकर. त्यावर रोजची भाकरी भाजायची नसते.

तुम्हीच आठवून बघा. वर्गाला आलात तेव्हा पहिल्या महिन्यात बोटे दुखली. अक्षर वळेना. डोळ्यांवर झोप येई. तरी ज्यांनी ठरलेली वेळ मोडली नाही, ते आज हा धडा वाचत आहेत. रोज एक अक्षर, पण रोज. शरीराचेही तसेच आहे.

चौथ्या वेळी आम्ही अगदी थोडे धरले. सकाळचा चहा झाला की खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायचे आणि बसायचे. मग मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन परत यायचे. बस्स! गावात कोणाला सांगितले नाही. सांगितले ते शेजारच्या आबांना. आबा एस. टी.तून निवृत्त झालेले वाहक. आमच्यात करार झाला. जो सकाळी दिसणार नाही, त्याच्या दारात दुसऱ्याने जाऊन हाक मारायची. खरे सांगतो, कित्येक दिवस आम्ही केवळ आबांच्या हाकेच्या भीतीने उठलो.

आबांना आम्ही एक हकीकत वाचून दाखवली. १९५३ साली लंडनमध्ये जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. तिथल्या बसगाड्या दुमजली. चालक दिवसभर बसून गाडी हाकी. वाहक तिकिटे देत जिना चढे आणि उतरे. रोज पाचशेच्या वर पायऱ्या होत. चालकांपेक्षा या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. टपाल वाटत फिरणारे लोक आणि टपाल खात्यातले बैठे कर्मचारी यांच्यातही असाच फरक दिसला. हे ऐकून आबा म्हणाले, ‘‘म्हणजे गुरुजी, आम्ही तिकिटे फाडता फाडता तालीमच करत होतो म्हणा की!’’ आम्ही म्हटले, ‘‘होय, आणि आम्ही खुर्चीवर बसून शिट्टी फुंकत होतो.’’

चार महिने बरे गेले. मग कंटाळा आला. आबा म्हणाले, ‘‘गुरुजी, हा रस्ता आता तोंडपाठ झाला.’’ इथेच पूर्वी आमचे तारू बुडत असे. या खेपेला आम्ही ठरवले की वेळ मोडायची नाही, रीत बदलायची. देवळाचा रस्ता सोडून कालव्याची वाट धरली. पावसात देवळाच्या ओवरीत उभे राहून हातपाय हलवले. पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या हातात घेऊन वरखाली केल्या. भिंतीशी उभे राहून एका पायावर तोल सांभाळला. गणपतीच्या आधी शाळेतल्या मुलांबरोबर लेझीम धरली. पहिल्या दिवशी सगळ्यांचा ठेका एक आणि आमचा वेगळाच! पोरे हसली. आम्हीही हसलो. पण त्या महिन्यात आबांना एकदाही हाक मारावी लागली नाही.

आता कोणी म्हणेल, ‘‘गुरुजी, आम्ही दिवसभर खुरपतो, ओझी वाहतो. आम्हाला व्यायाम कशाला?’’ प्रश्न रास्त आहे. ज्याचे अंग दिवसभर कामाने झिजते, त्याने आणखी धावायला जाऊ नये. पण कामात तेच तेच अवयव वाकतात. खुरपणाऱ्या बाईची कमर सारा दिवस वाकलेली. तिने थोडे ताठ उभे राहावे, हात वर ताणावेत, खांदे मागे न्यावेत आणि पुरती झोप घ्यावी. आणि ज्यांचे काम आता बसून आहे, मग ते दुकानात असो, रिक्षात असो की शिवणयंत्रावर असो, त्यांनी मात्र चालायलाच हवे.

किती चालावे? जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाने आठवड्यात किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रम करावेत. म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास झपझप चालणे. चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, ही त्याची सोपी खूण. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम करावेत. पासष्टीच्या पुढच्यांनी तीन दिवस तोल सांभाळण्याचाही सराव करावा. एवढे झाले नाही तरी थोडे केलेले वाया जात नाही, असेही ती संघटना सांगते. मात्र छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. चालू औषध आपल्या मनाने बंद करू नका.

सवय लागायला किती दिवस लागतात? लंडनच्याच एका विद्यापीठात ९६ माणसांवर याचा अभ्यास झाला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. सरासरी ६६ दिवस निघाले. कोणाला १८ दिवस, तर कोणाला २५४ दिवस, असा हिशेब आला. आणखी एक गोष्ट दिसली. मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नाही. तेव्हा एक खाडा झाला तर स्वतःला माफ करा. दुसऱ्या दिवशी मात्र ठरल्या वेळी हजर व्हा.

तर मंडळी, एवढे ध्यानात ठेवा. थोडे धरा. रोजच्या एखाद्या कामाला जोडून धरा, म्हणजे वेळ विसरणार नाही. एक सोबती जोडा. कंटाळा आला तर रीत बदला. आणि खाड्याला भिऊ नका.

यंदा गावच्या जत्रेत आम्ही पंगतीला बसलो. पुतण्याने खुर्ची आणून ठेवली होती. आम्ही ती नको म्हटली. जेवण झाले आणि उठलो. एक हात जमिनीला टेकावा लागला, हे खोटे कशाला सांगा? पण भिंत लागली नाही आणि कोणाचा खांदाही लागला नाही. पुतण्या आमच्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. त्याला आपले वडील आठवले असतील. आम्हालाही दादा आठवले. ही तीन वर्षांची वाटचाल दादांच्या हयातीत सुरू केली असती, तर त्यांनाही हाताला धरून देवळापर्यंत नेता आले असते. ती खंत राहील.

तुमच्याही घरात असे कोणी खाटेवर बसून असेल. उद्या सकाळी चहा झाला की त्यांना हाक मारा. दारापर्यंत न्या. परवा अंगणापर्यंत न्या. आणि त्यांच्याबरोबर तुम्हीही चला.